स्क्रीनवर जुनंच चित्र दिसून रायलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, फोटो अल्बम आणि उरल्या वेळात गावातल्या कॉम्प्युटरची दुरुस्ती. एप्रिल लागला की एकच तक्रार घेऊन माणसं येतात: फाइल बंद केली, तरी तिची पुसट सावली स्क्रीनवर तशीच. कुणी तिला भूत म्हणतं, कुणी छाप म्हणतं, कुणी ‘डिस्प्ले गेला’ म्हणून डोक्याला हात लावून बसतं. कंपन्यांच्या भाषेत याला इमेज रिटेन्शन म्हणतात. फोनवर तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. प्रश्न ज्या बोलीत आले त्याच बोलीत ठेवलेत. मी आपला छाप हाच शब्द वापरतो.

भाऊ, बंद केलेली फाइल अजून दिसून रायली. डिस्प्ले गेला काय?

बहुतेक वेळा नाही. तुमची स्क्रीन एलसीडी असेल (घराघरातल्या ‘एलईडी मॉनिटर’मध्येही आत एलसीडीच असतो, फक्त मागचा उजेड एलईडीचा) तर ही छाप तात्पुरती असते. काही मिनिटांत जाते, कधी काही तासांत, फार झालं तर एक-दोन दिवस घेते. तोवर पॅनेल (चित्र दाखवणारा काचेचा भाग) बदलायचा विचार मनात आणू नका.

हे मी ठेच खाऊन शिकलो. माझ्याकडं २७ इंची फाइव्ह-के स्क्रीनचा सेकंडहँड आयमॅक (अॅपलचा, स्क्रीनच्या पाठीतच कॉम्प्युटर असलेला) आला तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात फोटोशॉपच्या पट्ट्या स्क्रीनवर उमटल्या. शहरातल्या एका दुकानात नेला. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि पॅनेल मेलं म्हणून सांगितलं. खर्च मशीनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. तेवढे पैसे जवळ नव्हते म्हणून परत आणला आणि दोन दिवस कापडाखाली झाकून ठेवला. तिसऱ्या दिवशी चालू केला तर स्क्रीन स्वच्छ. तेव्हा पैसे नव्हते तेच बरं झालं.

पण हे छापच आहे, दुसरं काही नाही, हे कसं ओळखू?

पहिली परीक्षा फुकटची आहे. सावली दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून पाहा. मोबाइलवरही सावली दिसली तर दोष ग्राफिक्स कार्डाचा किंवा सॉफ्टवेअरचा, मॉनिटर निर्दोष. मोबाइलवर चित्र साफ असेल तर सावली पॅनेलमध्येच आहे. स्क्रीनशॉट म्हणजे कॉम्प्युटरनं जे पाठवलं ते. पॅनेलनं त्याचं काय केलं हे त्याला ठाऊक नसतं.

दुसरी परीक्षा करड्या रंगाची. पेंटमध्ये अख्खी स्क्रीन भरेल असं मध्यम करड्या रंगाचं चित्र बनवा आणि फुल स्क्रीनवर उघडा. छाप पांढऱ्यावर आणि काळ्यावर लपते, करड्यावर उघडी पडते. तिथं काय दिसतं त्यावरून निदान करा. सरळ रेघा, बटणं, विंडोच्या कडा, अक्षरं दिसली तर छाप. एकच ठिपका सतत लाल, हिरवा किंवा काळा असेल तर तो अडकलेला वा मेलेला पिक्सेल. अंधारात कोपरे उजळ दिसत असतील तर मागचा उजेड गळतोय. माउस हलवल्यावर त्यामागे क्षणभर शेपटी दिसते ती पॅनेलच्या संथपणामुळं, तिचा छापेशी संबंध नाही. बोट किंवा वस्तू दाबल्यासारखा गोल डाग असेल तर कुणीतरी खरंच दाबलंय. घरात लहान मुलं असतील तर विचारून पाहा, कबूल कुणी करणार नाही.

सापडलेल्या छापेचा मोबाइलनं फोटो काढून ठेवा, वेळेसकट. पुढं वॉरंटीच्या प्रश्नात तो लागेल.

होते काहून पण?

एलसीडीच्या दोन काचांमध्ये द्रव स्फटिकाचा अगदी पातळ थर असतो. द्रवासारखा वाहतो आणि स्फटिकासारखा रांगेत उभा राहतो, असा हा विचित्र पदार्थ. १८८८ मध्ये फ्रिडरिश राइनिट्झर नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना तो पहिल्यांदा दिसला. म्हणजे आपला मॉनिटर एका अर्थी गाजराच्या वाफ्यातून आलाय. असो.

विजेचा दाब दिला की या स्फटिकाचे रेणू वळतात आणि किती वळले त्यावर किती उजेड पुढं येईल ते ठरतं. आता हा दाब सतत एकाच दिशेनं दिला तर चालत नाही. द्रवात थोडे का होईना विद्युतभारित कण, म्हणजे आयन, मिसळलेले असतात. दाब एकाच दिशेचा राहिला की ते सरकत सरकत एका काचेला जाऊन चिकटतात. म्हणून पॅनेल दर फ्रेमला दाबाची दिशा उलटवतं: एकदा अधिक, एकदा उणे. दोन्ही तंतोतंत सारखे असतील तर आयन जागच्या जागी डुलत राहतात.

पण तंतोतंत सारखं या जगात काही नसतं. थोडासा दाब एका बाजूला उरतोच. चित्र बदलत असलं तर हा उरलेला हिशेब इकडचा तिकडं होऊन मिटतो. चित्र तासन्‌तास एकच असलं तर मात्र त्या जागचे आयन एका बाजूला साचत जातात आणि त्यांचा स्वतःचा छोटासा दाब तयार होतो. मग तुम्ही फाइल बंद करून करडा रंग मागितला, तरी तिथल्या पिक्सेलला तुमचा दाब अधिक आयनांचा दाब असं मिळून मिळतं. तो थोडा जास्त उजळ किंवा थोडा जास्त काळा होतो. हीच छाप.

आपल्याकडच्या कूलरच्या गवतावर बोअरच्या पाण्याचे क्षार कसे पांढरे साचतात, तसंच काहीसं. फरक एवढाच की कूलरचं गवत दर साली बदलावं लागतं, इथं दाब काढून घेतला की आयन आपोआप पांगतात. म्हणून आरामानं बरं होतं.

आमच्या जुन्या डब्यावर तर असं कधी झालं नाही. महागाच्याच स्क्रीनले काहून?

तीन गोष्टी आहेत. एक, रंग चांगले देणाऱ्या महागड्या स्क्रीन बहुतेक आयपीएस पद्धतीच्या असतात, आणि छापेची तक्रार या पद्धतीत जास्त ऐकू येते. जुन्या स्वस्त टीएन पॅनेलचे रंग बाजूनं पाहिलं की पार उलटे व्हायचे, पण हा त्रास त्यांना कमी.

दोन, पिक्सेलची दाटी. साध्या फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख पिक्सेल असतात. फोर-केवर ८३ लाख. फाइव्ह-केवर ५१२० गुणिले २८८०, म्हणजे जवळपास १ कोटी ४७ लाख, आणि प्रत्येकात लाल-हिरवा-निळा असे तीन तुकडे. तेवढ्याच जागेत एवढे तुकडे बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला आलेली खिडकी बारीक होते आणि भोवतीच्या तारांची जागा वाढते. उजेड कमी येतो, म्हणून मागचा दिवा जास्त जोरात पेटवावा लागतो. जास्त दिवा म्हणजे जास्त उष्णता.

तीन, आणि हे फार कमी लोक मान्य करतात: जुन्या डब्यावरही छाप पडायची, तुम्हाला दिसत नव्हती. त्याचा रंगच इतका फिका की त्यावर सावली काय ओळखू येणार! पांढऱ्याशुभ्र धोतरावरच डाग दिसतो.

उन्हाळ्यातच जास्त होते, बराबर ना?

बरोबर. आणि आमच्या भागात या प्रश्नाचं उत्तर बाकी सगळ्या उत्तरांपेक्षा मोठं आहे.

आयमॅकसाठी अॅपलनं सांगितलेलं वापराचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. बाकी कंपन्यांच्या मॉनिटरवर साधारण ४० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. आता विदर्भातला मे आठवा. नागपूरला मे २०१३ मध्ये ४७.९ अंश नोंदले गेले होते. २०२४ च्या मे अखेरीस तर नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. सेन्सरचं डोकं फिरतं तिथं मॉनिटरचं काय घेऊन बसलात!

टिनाच्या छताखाली दुपारी तीन वाजता खोलीतच चाळीसच्या वर असतं. त्यात स्क्रीनच्या मागचा दिवा. आयमॅकसारख्या एकखोकी मशीनमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपही त्याच पाठीत, त्यांची उष्णता वेगळी. गरम द्रवात आयन जास्त चपळपणे सरकतात. डिसेंबरमध्ये तीन तासांत न पडणारी छाप मेमध्ये पाऊण तासात पडते, हे मी माझ्याच मशीनवर बघितलंय. ही प्रयोगशाळेतली मोजणी नाही, एका दुकानातला अनुभव आहे.

यावरचे उपाय साधे आहेत. मशीनची पाठ भिंतीला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा. पश्चिमेच्या भिंतीपाशी तर ठेवूच नका, ती संध्याकाळी सात वाजेपर्यंत भाजत असते. जाळ्या साफ ठेवा. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) आसपासच्या दुकानांत उडणारी रुई पंख्याच्या जाळीवर अशी बसते की नमदा तयार होतो. दर पंधरवड्याला ब्लोअरनं उडवा, पण मशीन बंद करून.

कूलर लावायचा का? लावा, पण त्याचा झोत मशीनवर नको. ओलसर वारा थेट आत गेला तर आणि त्याबरोबर बारीक तुषार गेले तर छापेपेक्षा मोठं दुखणं मागं लागेल. कूलर माणसाकडं, मशीन त्याच्या बाजूला, आणि समोरची खिडकी उघडी. खिडकी बंद करून कूलर लावला की खोलीचं न्हाणीघर होते.

मी एप्रिल ते पाऊस पडेपर्यंत दुपारी एक ते चार मोठी स्क्रीन बंदच ठेवतो. या वेळात तशीही गिऱ्हाइकं येत नाहीत, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. अल्बमचं काम पहाटे सहा ते दहा आणि रात्री.

आता छाप पडलीच हाय. काय करू?

बंद करा. इतकंच. कॉम्प्युटर चालू राहिला तरी चालेल, स्क्रीन बंद हवी.

किती वेळ? एनईसी या मॉनिटर कंपनीच्या पुस्तिकांमध्ये सोपा हिशेब दिलेला असतो: जितका वेळ ते चित्र स्क्रीनवर होतं तितका वेळ स्क्रीन बंद ठेवा. तासभर होतं तर तासभर. मी तेच सांगतो, फक्त उन्हाळ्यात दुप्पट धरा आणि शक्यतो रात्री करा, खोली थंड असताना.

बंद ठेवायला वेळ नसेल, लग्नाचा अल्बम उद्याच द्यायचा असेल, तर ब्राइटनेस कमी करून काम चालू ठेवा आणि विंडोच्या जागा बदला. छाप त्या जागी हळूहळू विरेल. रंग जुळवायचं काम मात्र त्या दिवशी करू नका. नवरीच्या गालावर करडी पट्टी दिसते म्हणून तुम्ही ती दुरुस्त कराल आणि छापून आल्यावर कळेल की पट्टी फोटोत नव्हतीच. माझा एक अख्खा पानांचा संच असा वाया गेला.

दोन दिवस पूर्ण बंद ठेवूनही छाप जशीच्या तशी असेल, तर ती आता छाप नाही, कायमचा डाग आहे. शेवटचा प्रश्न वाचा.

स्क्रीनसेव्हर लावला तर भागत नाही काय?

काहीच नसण्यापेक्षा बरा. पण स्क्रीनसेव्हर जन्माला आला जुन्या काचेच्या ट्यूबच्या मॉनिटरसाठी. त्यात इलेक्ट्रॉनच्या माऱ्यानं आतला फॉस्फर जळायचा, तोही कायमचा. एलसीडीत स्क्रीनसेव्हर चालू असताना मागचा दिवा चालूच राहतो, उष्णता चालूच राहते. म्हणून स्क्रीन बंद होणं केव्हाही वरचढ. अॅपलही आपल्या डिस्प्लेसाठी हेच सुचवतं: वापर नसेल तेव्हा डिस्प्ले झोपू द्या.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर इथं जाऊन स्क्रीन पाच मिनिटांत बंद व्हायला लावा. मॅकमध्ये लॉक स्क्रीनच्या सेटिंगमध्ये हेच मिळतं. शिवाय मॅकचा एखादा कोपरा ‘डिस्प्ले झोपव’ यासाठी नेमता येतो. चहाला उठलं की माउस त्या कोपऱ्यात ढकलायचा. आता हाताला इतकी सवय झालीय की दुसऱ्याच्या मशीनवरही मी तेच करतो आणि लोक बघत राहतात.

यूट्यूबवर रंग झगमगवणारा एक व्हिडिओ हाय, रातभर लावून ठेवू?

तो अडकलेल्या पिक्सेलसाठी असतो. छापेवर त्याचा उपयोग झालाच तर चित्र बदलत राहतं एवढ्यापुरता, आणि तेवढं काम साधा पांढरा हलता स्क्रीनसेव्हरही करतो. त्या झगमगाटाकडं बघत बसू नका. घरात कुणाला फिट येत असेल तर लावूच नका. आणि ओएलईडी स्क्रीनवर (जिचा प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि झिजतो) रातभर पांढरा पडदा लावणं म्हणजे औषध समजून विष पाजणं.

केस वाळवायचं ड्रायर, ओलं कापड, अंगठ्यानं चोळणं, टीव्हीवर मारतो तशी चापट: यातलं सगळं लोकांनी करून पाहिलंय. छाप काचेच्या वर नसते, आत असते. चोळून जाणार नाही, उलट दाबाचा डाग नव्यानं पडेल.

व्होल्टेज वरखाली होते, त्यानं होत असन काय?

नाही. मॉनिटरचा पॉवर सप्लाय आत ठरावीक दाबच पुढं देतो. वीज वरखाली झाली तर जळेल तो सप्लाय, छाप पडणार नाही. त्यासाठी स्टॅबिलायझर किंवा यूपीएस जरूर ठेवा, पण वेगळ्या कारणानं.

उलट सांगू? दिवसाला बारा-बारा तास लोडशेडिंग होतं त्या काळात ही तक्रार घेऊन एकही माणूस आला नाही. स्क्रीनला सक्तीचा आराम मिळत होता. आता वीज टिकते, यूपीएस आहे, आणि स्क्रीन सकाळी आठपासून रात्री अकरापर्यंत पेटलेली. सुखाची किंमत म्हणायची.

माहं तर कामच असं हाय, दिवसभर तेच टूल, त्याच पट्ट्या. कसं टाळू?

सेतू केंद्रवाल्याचंही तेच. पीक विम्याच्या शेवटच्या आठवड्यात पोर्टलचं एकच पान उघडून सर्व्हरची वाट पाहत चार-चार तास बसतात, आणि मग पानावरचं बोधचिन्ह स्क्रीनवर उमटतं म्हणून मला दाखवायला आणतात.

काम बदलता येत नाही, मांडणी बदलता येते. टास्कबार आपोआप लपेल असं करा, मॅकमध्ये डॉकही लपतो. फोटोशॉपमध्ये टॅब बटण दाबलं की सगळ्या पट्ट्या गायब होतात. फोटोकडं नुसतं पाहायचं असेल तेव्हा दाबा. पट्ट्या एक आठवडा उजवीकडं, एक आठवडा डावीकडं ठेवा. पहिले दोन दिवस हात चुकतो, मग जमतं. डेस्कटॉपचं चित्र एकरंगी गडद करड्याकडं झुकणारं ठेवा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या ठळक रेघा सर्वांत लवकर छापतात, त्यामुळं एक्सेलचा तक्ता आणि सातबाराचं पान हे दोन मोठे गुन्हेगार.

ब्राइटनेसवर एक शब्द. २७ इंची फाइव्ह-के आयमॅकची कमाल प्रखरता ५०० निट्स आहे (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप). छपाईसाठी फोटो बघताना १०० ते १२० निट्स पुरतात. म्हणजे बहुतेक जण गरजेच्या चौपट उजेडात बसतात, कारण दुकानाचा दरवाजा उघडा असतो आणि बाहेरचं ऊन स्क्रीनवर येतं. स्क्रीन दरवाजाकडं पाठ करून ठेवण्यापेक्षा आडवी वळवा, दारावर हिरवी जाळी लावा, आणि ब्राइटनेसची पट्टी निम्म्याच्या खाली आणा. छाप कमी पडेल, अल्बम छापून आल्यावर काळा आला ही तक्रारही कमी होईल. माझं ऐकून एवढं एकच केलं तरी चालेल.

नागपूरच्या सीताबर्डीतून सेकंडहँड घेऊन रायलो. काय पाहू?

पेन ड्राइव्हमध्ये दोन चित्रं न्या: एक बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे मोठे चौकोन, दुसरं नुसतं मध्यम करडं. मशीन आधी अर्धा तास चालू ठेवायला सांगा. मग पट फुल स्क्रीनवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, तोवर चहा पिऊन या. परत आल्यावर करडं चित्र उघडा.

पट थोडा दिसला आणि दोन-चार मिनिटांत विरला तर घ्यायला हरकत नाही. ठळक दिसला आणि पंधरा मिनिटांनीही हटला नाही, तर किंमत पाडा नाहीतर सोडून द्या. आणि पट लावायच्या आधीच करड्यावर कुणाच्या ऑफिसचा जुना मेनू दिसला, तर ती स्क्रीन वर्षानुवर्षं एकाच कामाला जुंपलेली होती.

विकणारा घाई करेल. करू द्या. वेळ नाही म्हणणाऱ्याला परीक्षेचा निकाल आधीच माहीत असतो. २७ इंची आयमॅक अॅपलनं मार्च २०२२ मध्ये बंद केला, त्यामुळं बाजारात दिसणारा प्रत्येक नग आता वापरून जुना झालेला आहे, ‘पेटीपॅक’ म्हणून कुणी गळ्यात मारू पाहत असेल तर हसून पुढं चला.

नवी स्क्रीन हाय, वॉरंटीत बदलून भेटन काय?

छाप तासाभरात जात असेल तर बहुतेक कंपन्या तिला दोष मानत नाहीत, ‘या तंत्राचा स्वभाव’ म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे. पण थंड खोलीत, कमी ब्राइटनेसवर, दहा-पंधरा मिनिटांत ठळक छाप पडत असेल तर ते स्वभावाच्या पलीकडचं आहे, तिथं भांडा.

भांडायला पुरावा लागतो. वर सांगितलेली पटाची परीक्षा करा, मोबाइलवर घड्याळासह व्हिडिओ काढा, तक्रार तोंडी न करता ईमेलनं करा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. केंद्रावर मशीन नेईपर्यंत छाप विरलेली असते आणि समोरचा म्हणतो, काही नाही यात. तिथं व्हिडिओच बोलतो.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची.

पोरगा ओएलईडी मॉनिटर घ्या म्हणते. त्यात हे नसते ना?

त्यात वेगळं असतं, आणि जास्त वाईट. ओएलईडीत मागं दिवा नाही, प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि जितका पेटेल तितका झिजतो. निळा सर्वांत लवकर. एकाच जागी टास्कबार वर्षभर पेटला तर तिथले पिक्सेल बाकीच्यांपेक्षा म्हातारे होतात. हे झिजणं आहे, साचणं नाही. त्यामुळं आरामानं भरून येत नाही.

कंपन्यांनी यावर चित्र थोडं-थोडं सरकवणं, वापर थांबल्यावर आपोआप पिक्सेल ताजे करणं असे उपाय आत बसवलेत. काही कंपन्या तीन वर्षांच्या वॉरंटीत हा डागही धरतात. डेलच्या एलियनवेअरनं २०२२ च्या आपल्या क्यूडी-ओएलईडी (ओएलईडीचाच एक प्रकार) मॉनिटरपासून धरला. पोरगा गेम खेळणार असेल, सिनेमे पाहणार असेल तर घ्या. दुकानात बिलिंगला लावणार असाल तर एलसीडीच बरा.

पावसाळ्यात स्क्रीनमधी काळा ठिपका चालून रायला होता. आता थांबला.

तो किडा आहे. पहिल्या पावसानंतर रात्री उजेडावर येणारे बारीक किडे जाळीतून आत शिरतात आणि पॅनेल व दिव्याच्या थरांमध्ये फिरतात. चालत असताना स्क्रीन बंद करा आणि शेजारी टेबललँप लावा, बरेचदा तिकडं निघून जातो. बोटानं दाबू मात्र नका. दाबलात तर तो तिथंच चिरडतो आणि मशीन असेपर्यंत सोबत राहतो. तुमचा थांबलाय म्हणता, म्हणजे दाबलाच असेल.

आमच्या वजनकाट्याच्या स्क्रीनवर चार वर्षांपासून तेच पान. आता ‘एकूण वजन’ हे शब्द बंद केल्यावरही दिसतात. जाईन काय?

नाही. चार वर्षं, दिवसरात्र, एकाच जागी, कापसाच्या हंगामात तर मिनिटाचीही उसंत नाही. आयन पांगण्याच्या पलीकडचं हे प्रकरण आहे, स्फटिकांना रांगेत धरणारा आतला थरच तिथं बिघडलेला असतो. आठवडाभर बंद ठेवून पाहा, थोडं फिकं होईल, पूर्ण जाणार नाही.

नवी स्क्रीन घ्यायचीच असेल तर घ्या, पण एका जिनिंगमध्ये मी वेगळं केलं. मॉनिटर भिंतीवरच्या पट्टीला चार स्क्रूवर होता. तो काढून उलटा टांगला, डोकं खाली. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ओरिएंटेशन ‘लँडस्केप फ्लिप्ड’ केलं, चित्र पुन्हा सुलटं झालं. वर डाव्या कोपऱ्यातली जुनी छाप खाली उजव्या कोपऱ्यात गेली, तीही उलटी, आणि तिथं त्या पानावर काहीच नसतं. मुनीमजींनी चष्मा काढून, मान तिरकी करून ती वाचायचा प्रयत्न केला, आणि नाही जमलं म्हटल्यावर मला चहा पाजला.